बाबांची कवळी आणि कुजबुज आत्या

४ फेब्रुवारी

प्रिय कुजबुज आत्या,

मंडळानं मला नापास केलं.

हसू नकोस. तिशी ओलांडलेला माणूस. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या घडवतो, स्वतःचं घर चालवतो आणि पुरुष असण्याच्या तोंडी परीक्षेत नापास होतो.

तुला पहिल्यापासून सांगतो. फोन केला असता, पण फोनवर माझी वाक्यं तूच पुरी करतेस. तर, मला हवी आहेत ती हार्मोनची औषधं इस्पितळाच्या तपासणी मंडळानं होकार दिल्याशिवाय मिळत नाहीत. मंडळासमोर जाण्याआधी शरीराचे डॉक्टर म्हणाले, मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. मनाचे डॉक्टर म्हणाले, शरीराच्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय चिठ्ठी कशी देऊ? दोघांच्या खोल्या समोरासमोर आहेत, दोघं डबा एकत्र खातात, पण माझ्याबद्दल एकमेकांशी बोलायचं म्हटलं की दोघांची दातखिळी बसते. सगळे हेलपाटे मला. बाहेर बाकावर बसलो की परिचारिका माझं जुनं नाव पुकारते. मी उठत नाही. शेजारच्या आजी मलाच म्हणतात, "बघा हो, ही मुलगी वेळेवर येत नाही आणि आपल्या सगळ्यांचा खोळंबा."

शेवटी मंडळासमोर गेलो. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी काय खेळायचात? मी खरं सांगितलं. बाहुल्या. त्यांना मी मेणाचे दात बसवायचो. एकीला बघून तू किंचाळली होतीस, आठवतंय? मोठ्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाहुल्या? मग तुम्ही पुरुष कसे?" मी म्हटलं, "डॉक्टर, बाहुल्यांना दात बसवणारा मोठेपणी कवळ्या करतो, यात पुरुषाचं आणि बाईचं काय आलं?" हे त्यांना आवडलं नाही. निकाल असा लागला की माझ्याबद्दल शंका आहे, आणि पुढच्या बैठकीला घरचं वडीलधारं माणूस आणा. माझं वय सांगून बघितलं. ते म्हणाले, "वय असू द्या हो. उद्या घरचे आमच्या अंगावर येतात."

बाबांना विचारण्यात अर्थ नाही. मी केस कापले, नाव बदललं, तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. दिवसभर बाजारात लिलाव पुकारतात, जगाशी ओरडून बोलतात, तेही मी केलेल्या कवळीनं. माझ्यासाठी तेवढा त्या कवळीतून एक शब्द निघत नाही.

तू येशील?

तुझा खडू

*

११ फेब्रुवारी

खडू,

येईन म्हणजे काय! चाळीस वर्षं मी विंगेत उभी राहिले. नट वाक्य विसरला की पुढचं वाक्य त्याच्या कानात सोडायचं, हे माझं काम. कितीतरी नायकांची अब्रू माझ्या कुजबुजीवर टिकली. तुझ्या मोठ्या डॉक्टरांचं मला काय?

तुझी चूक एकच. त्यांना हवं होतं एक नाटक आणि तू गेलास खरं बोलायला. मी संवाद लिहून पाठवतेय, पाठ कर. "लहानपणापासून मला मैदानाची ओढ होती. फुटबॉल म्हणजे माझा जीव. गल्लीतल्या पोरांशी माझ्या मारामाऱ्या व्हायच्या." बाहुल्यांचा विषय निघालाच तर म्हणायचं, मी त्यांच्या माना मोडायचो. खुर्चीत ऐसपैस बसायचं. दर वाक्याला "आभारी आहे" म्हणायची तुझी सवय आहे, ती घरी ठेवून यायची. आणि दोन वाक्यांच्या मध्ये थोडं खाकरायचं, त्यानं वजन येतं.

तुला अवघड वाटायला नको. आमच्या कंपनीत एक जण राणीचं काम असं करायचा की बायका त्याची चाल बघायला यायच्या. जमतं सगळं.

माझी एक अट आहे. माझी जुनी कवळी सैल झालीये, स म्हटलं की शिट्टी वाजते. नवी करून दे. मंडळासमोर शिट्टी नको.

आत्या

*

२४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू साचा देऊन गेलीस, त्यावरून केलेली कवळी पाठवली आहे. पहिले काही दिवस मऊ खा, आणि पुन्हा बसवून बघायला ये.

संवाद पाठ करतोय. पण एक गोष्ट बोलून टाकतो. तुमचा तो राणीचं काम करणारा खेळ संपला की रंग पुसून घरी जायचा. माझं तसं नाही. नाटक मी आजवर केलं. वेण्या घातल्या, लग्नघरात बायकांच्या घोळक्यात बसलो, हसलो. आता तो खेळ बंद करायचाय. आणि बंद करायची परवानगी मिळवायला मला पुन्हा नाटक करून दाखवावं लागतंय. याची मला चीड येते.

शिवाय मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. डॉक्टरांनी उलटतपासणी घेतली तर?

आणखी एक. माझ्यासारखाच एक मित्र आहे. तो मंडळाला कंटाळला आणि व्यायामशाळेतल्या एका माणसाकडून इंजेक्शनं घ्यायला लागला. आवाज बदलला, दाढी आली, तो खूष होता. आता त्याचं यकृत बिघडलंय, आणि इस्पितळात त्याला पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या यावर वाद चाललाय. तो आपला व्हरांड्यातल्या खाटेवर. हे सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा मी त्या माणसाचा नंबर लिहून घेतलाय. या वेळीही नाही म्हणाले तर मी तिकडे जाणार.

आता मला घाबरवणारं पत्र लिहू नकोस. मी आधीच घाबरलेला आहे.

खडू

*

१६ एप्रिल

खडू,

बसस्टँडवर तू माझी पिशवी उचललीस, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. ठीक आहे. आता माझी बाजू ऐक.

मंडळासमोर सगळं कसं छान चाललं होतं. फुटबॉल झाला, मारामाऱ्या झाल्या, बाहुल्यांच्या माना मोडून झाल्या. मोठे डॉक्टर समाधानानं मान डोलवत होते. तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या तरुण डॉक्टरीणबाईंना काय सुचलं कोण जाणे. म्हणाल्या, "हे राहू द्या. तुमचा रोजचा दिवस कसा जातो, ते सांगा." हा प्रश्न आपल्या संवादांत नव्हता! आणि तू गप्प.

एक श्वास गेला. दोन गेले. तीन गेले. माझ्या कारकिर्दीत रंगमंचावर तीन श्वासांच्या वर शांतता पडलेली नाही. माझं तोंड आपोआप उघडलं. "लहानपणापासून मला मैदानाची ओढ होती..." माझी कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जाते, आणि त्या खोलीत होती एकच रांग. मोठे डॉक्टर म्हणाले, "कोण बोललं?" मी म्हणाले, "कुणी नाही." तेही इतकं खणखणीत! तुझ्या हातच्या कवळीत एक अक्षर वाया जात नाही, हे मात्र मान्य.

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबायला फाइल तोंडावर धरली. मोठे डॉक्टर हसले नाहीत. पुढच्या वेळी वडिलांना आणा, आत्या नको आणि नाटक नको, एवढंच म्हणाले.

परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं. तू वाक्य विसरला नव्हतास. तू खरं काहीतरी सांगण्यासाठी शब्द जुळवत होतास, आणि मी मध्ये तोंड घातलं. मला फार वाईट वाटलं रे.

व्यायामशाळेत जाऊ नकोस. मी थोडे दिवस तुझ्या बाबांकडे राहायला आलेय. सहजच.

आत्या

*

२ मे

आत्या,

तुझ्यावरचा राग केव्हाच गेला होता. त्या खोलीतलं तुझं "कुणी नाही" आठवून मी साच्यावर काम करताना एकटाच हसायचो.

आज हसू येत नाही. दुपारी दवाखान्यात पार्सल आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाबांची कवळी, मधोमध तडकलेली. चिठ्ठी नाही, नाव नाही. पण ती कवळी मी कुठेही ओळखेन. त्यांच्या समोरच्या दोन दातांत लहानपणापासून जरा फट होती, ती मी आठवणीनं तशीच ठेवली होती, म्हणजे हसले की आपले बाबाच दिसतील.

मला वाटायचं, बोलत नाहीत, पण माझं काहीतरी त्यांच्या तोंडात आहे. आता तेही मोडून परत केलं. मंडळाला वडील हवेत, आणि माझे वडील हे असे. मी कुणाची वाट बघू?

रविवारी व्यायामशाळेतल्या माणसाकडे जातोय. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

खडू

*

४ मे

गाढवा,

रविवारी कुठेही जायचं नाही! कवळी मी पाठवली!

टपालावर भरवसा नाही म्हणून ही चिठ्ठी बाजारातल्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय. तुझे बाबा सकाळी बेसिनपाशी कवळी काढून ठेवतात आणि तोंड धुतात. त्यांचा चेहरा साबणात असताना मी ती उचलली. म्हटलं, दात नाहीत म्हटल्यावर हा माणूस तुझ्याकडे आल्याशिवाय राहतो कसा! पार्सलात ती तडकेल हे माझ्या ध्यानात आलं नाही, आणि चिठ्ठी घालायची राहूनच गेली. इतकी वर्षं दुसऱ्यांना आठवण करून दिली, मला आठवण करून देणारं कुणी नाही.

त्याचे हाल बघवत नाहीत. सूप पितो आणि भिंतीकडे बघतो. काल बाजारात कोबीचा लिलाव पुकारायला उभा राहिला, तर लोक म्हणाले, काका, काय बोलताय ते लिहून दाखवा. मी म्हटलं, दुसरीकडून करून घे नवी. तर म्हणतो, "दुसऱ्याच्या हातची मला बसत नाही."

ऐकलंस? हे मी रचलेलं नाही. नंबर फाडून टाक.

आत्या

*

१३ मे

प्रिय आत्या,

बाबा आले होते.

काल सकाळी दवाखान्याचं दार उघडलं तर पायरीवर बसलेले. माझ्याकडे न बघता आत गेले आणि खुर्चीत बसले. तोंडाचा साचा एरवी माझे मालक, म्हणजे दातांचे डॉक्टर घेतात. त्यांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "तू घे, मला चहा प्यायचाय." आणि खरंच निघून गेले.

तुला माहीत नसेल. साच्याचा लगदा तोंडात भरला की तो घट्ट होईपर्यंत माणसाला हूं की चूं करता येत नाही. मी तो मुद्दाम गार पाण्यात कालवला. गार पाण्यात तो सावकाश घट्ट होतो.

मग मी बोललो. फुटबॉल नाही, मारामाऱ्या नाहीत. म्हटलं, बाबा, तुमची पहिली कवळी आठवते, दुसरीकडून केलेली? सगळे म्हणायचे, किती छान दिसते. तुम्ही म्हणायचात, दिसते छान, पण बोचते. कुठे बोचते ते लोकांना दाखवता यायचं नाही, म्हणून लोकांना वाटायचं तुम्ही नाटकं करताय. मी जन्मापासून तसा आहे. मला नवीन कुणी व्हायचं नाहीये. जो आहे, त्याला बसेल असं शरीर हवंय. आणि त्यासाठी अनोळखी माणसं मला विचारतात, तुझा बाप कुठे आहे?

बाबांचे डोळे भरले होते. लगद्यानं येतं कधीकधी डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं, आणि माझ्या तोंडात लगदा नव्हता.

साचा काढला. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं. म्हणाले, "वरची उजवीकडे जरा बोचायची. तेवढं बघ." मी म्हटलं, बघतो. मग दारात थांबून त्यांनी विचारलं, "कधी आहे तुझं ते मंडळ?"

मी तारीख सांगितली. पायरी उतरता उतरता वळून म्हणाले, "आणि ताईला सांग, बेसिनवर आरसा आहे."

खडू

*

१७ मे

खडू,

आरसा!

म्हणजे मी उचलताना त्यानं बघितलं होतं! आणि तरी हा पठ्ठ्या सूप पीत बसला, कपाटाखाली वाकून शोधत राहिला, मला विचारत राहिला, "ताई, दात दिसले का गं कुठे?" त्याला तुझ्याकडे यायचंच होतं. निमित्त मिळत नव्हतं, ते मी चोरून दिलं. चाळीस वर्षं नटांमध्ये काढली आणि घरातला नट मला ओळखता आला नाही.

मंडळाला मी येणार. डॉक्टर नको म्हणाले होते, ठाऊक आहे. कोपऱ्यात बसेन. एक शब्द बोलणार नाही. तुझ्या गळ्याची शपथ.

आत्या

*

९ जून

प्रिय आत्या,

तू बाहेर कोपऱ्यात तोंड फुगवून बसली होतीस आणि घरी जाईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. रागावली असशील तर रागाव, पण आत काय झालं ते तुला कळायला हवं.

खोलीत शिरल्या शिरल्या बाबांनी काय केलं ते तू बघितलंसच. "ही माझी थोरली बहीण. हिला आधी बाहेर बसवा, हिला गप्प बसता येत नाही." शिपाई तुला घेऊन गेला. दाराला दुधी काच आहे. तुझी सावली बाकाकडे गेली आणि लगेच परत येऊन काचेला चिकटली.

मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं आणि बाबांना विचारलं, "हे तुमचे कोण?"

बाबा गप्प झाले. नव्या कवळीत अजून त्यांचे शब्द अडतात, पण हे अडणं कवळीचं नव्हतं. मी काचेकडे बघत होतो. मनात म्हटलं, आत्या, आता नको. एवढी एकच वेळ नको. ती शांतता किती लांबली म्हणून सांगू! भिंतीवरच्या पंख्याचा आवाज मला आजही ऐकू येतोय. आणि दारातून काहीच आलं नाही.

मग बाबा बोलले. लिलावातल्या आवाजात, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. "मुलगा! माझा मुलगा आहे. एकुलता एक."

डॉक्टरीणबाईंनी मला तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला, रोजचा दिवस कसा जातो. या वेळी मी सावकाश, थांबत थांबत सांगितलं. कवळ्या, बाकावरच्या आजी, बाहुल्यांचे दातसुद्धा. कुणीही मध्ये बोललं नाही. त्यांनी सही केली. मोठे डॉक्टर मात्र घोळ घालायला लागले. आणखी एक बैठक घेऊ या का, वरिष्ठांना विचारावं का, एवढी काय घाई आहे. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग त्यांची सवय उसळली. टेबलावर हात आपटून ओरडले, "एक वार! दोन वार!"

तिसऱ्याची वेळ आली नाही. मोठे डॉक्टर दचकले आणि सही करून मोकळे झाले.

सोमवारी पहिलं इंजेक्शन. इस्पितळात, खऱ्या डॉक्टरांच्या हातून. पुढे शस्त्रक्रिया करायची तर म्हणे वेगळं मंडळ आहे. बाबा विचारत होते, त्यांचं टेबल मजबूत आहे का.

तुझाच,
खडू

*

१४ जून

खडू,

मी रागावलेली नव्हते. ऐक.

दाराला कान लावून मी सगळं ऐकत होते. तो गप्प झाला. एक श्वास गेला, दोन गेले, तीन गेले. चौथ्याला माझा जीव जायची वेळ आली. पुढचं वाक्य मला पाठ होतं रे, जिभेवर येऊन उभं होतं. पण हे वाक्य पुरवायचं नव्हतं. ते त्याचं त्यालाच म्हणू द्यायचं होतं, नाहीतर ते माझंच राहिलं असतं.

म्हणून मी दोन्ही कवळ्या काढल्या आणि मुठीत घट्ट आवळून धरल्या. शिपाई माझ्याकडे बघतच राहिला. बघू दे. दातांशिवाय माझी कुजबुज पहिल्या रांगेतसुद्धा पोचत नाही.

त्याचं "मुलगा!" ऐकलं, आणि मी तिथेच बाकावर बसून रडले. दातांचे वळ अजून तळहातावर आहेत. आणि आवळण्याच्या भरात खालची कवळी तडकलीये, म्हणून घरी जाईपर्यंत मला बोलता आलं नाही. गुरुवारी साचा द्यायला येते.

गार पाणी घातलंस तर याद राख.

आत्या